जुन्या इथिओपियन तलवारीचा कारखाना आणि व्यापारी कसा शोधायचा: पात्यापासून दप्तरापर्यंत

इथिओपिया म्हटलं की आपल्याला हबशी, जंजिरा आणि मलिक अंबर आठवतो, पण तिथल्या तलवारींबद्दल मराठीत फार कुणी लिहिलेलं दिसत नाही. ऑनलाइन लिलावात मात्र त्या सारख्या दिसतात आणि वर्णन ठरलेलं असतं, "१९वं शतक, अबिसिनियन, सिंहाचं चित्र, दुर्मिळ", झालं. (अबिसिनिया म्हणजे इथिओपियाचंच जुनं नाव.) पातं कुठल्या कारखान्यात बनलं, कोणी आणलं, कुठल्या बंदरातून आत गेलं, यावर एक अक्षर नाही. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ही माहिती तलवारीवरच असते, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अशी तलवार ही सहसा एका माणसाची किंवा एका कारखान्याची वस्तू नसते. पातं युरोपातलं, ते विकणारा व्यापारी तिसऱ्याच देशाचा, मूठ आणि म्यान तिथल्या स्थानिक कारागिराचं. आपल्याकडच्या फिरंग तलवारीसारखाच प्रकार, पातं गोऱ्यांचं आणि मूठ मराठी. म्हणून "ही कोणी बनवली" असा एकच प्रश्न विचारला की गोंधळ होणारच. पातं कोणाचं, व्यापारी कोण, मूठ कोणाची असे तीन वेगळे प्रश्न विचारायचे आणि तिन्हींची उत्तरं वेगळ्या पानावर लिहायची.

पहिली पायरी: प्रकार ओळखा

ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात. शोटेल म्हणजे विळ्यासारखी भयंकर वाकडी, दोन्ही बाजूंना धार, मूठ साधी लाकडाची, हाताला आडोसा नाही. ढालीच्या कडेवरून आत पोचायला हे वळण. गुरादे म्हणजे युरोपियन घोडदळाच्या सेबरसारखी (सेबर म्हणजे त्यांची वाकडी तलवार), कमी वळणाची, एका धारेची, मूठ बहुतेकदा शिंगाची. आणि सैफ म्हणजे सरळ किंवा जवळपास सरळ. यातली शोटेल बऱ्याचदा पूर्ण स्थानिक बनावटीची असते, मात्र परदेशी कारखान्यांनी त्या आकाराची पातीही बनवून पाठवली. गुरादे हा आपल्या कामाचा खरा खजिना, कारण त्यातली बरीच पाती फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडहून आलेली असतात आणि युरोपियन कारखान्यांना नाव कोरायची सवय होती.

दुसरी पायरी: साफ करू नका, फोटो काढा

हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. घरात तलवार आली की लोक पहिल्यांदा पितांबरी, चिंच, सॅंडपेपर, कायकाय घेऊन बसतात. अ‍ॅसिडने कोरलेलं नक्षीकाम केसाइतकंही खोल नसतं हो, दहा मिनिटं घासलं की कंपनीचं नाव गेलं ते गेलंच. फार तर मऊ सुती कापडावर दोन थेंब मशीन ऑइल, बस्स.

फोटो काढताना खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल आणि पुसट अक्षरांच्या सावल्या उठतील. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून घ्या, कारण एका दिशेने न दिसणारं अक्षर दुसऱ्या दिशेने दिसतं. पात्याची लांबी, मुठीपाशी रुंदी, पाठीची (म्हणजे धारेच्या उलट कडेची) जाडी, पन्हळी (पात्यावरच्या लांब खाचा) किती आणि कुठपर्यंत, सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. फोटोत पट्टी ठेवा, नाहीतर समोरचा तज्ज्ञ पहिलं तेच मागतो.

तिसरी पायरी: पात्याची पाठ वाचा

सगळे लोक पात्याच्या सपाट बाजूचा सिंह बघतात आणि पाठीकडे कोणी बघतच नाही. फ्रेंच लष्करी पाती असतील तर सगळी कुंडली पाठीवर असते. १८१९ नंतर फ्रान्सची तलवारीची मोठी सरकारी फॅक्टरी होती शातेलरो, त्याआधीची अल्सासमधली क्लिंगेनथाल, जी सरकारी फॅक्टरी म्हणून १८३० च्या दशकात बंद पडली. तिथे पाठीवर तिरक्या, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात फॅक्टरीचं नाव, महिना, वर्ष आणि पुढे मॉडेल कोरायचे, उदाहरणार्थ "हलकं घोडदळ, मॉडेल १८२२". मुठीच्या अगदी लगत सुरू होतं, त्यामुळे पहिली दोन अक्षरं बऱ्याचदा मुठीखाली गेलेली असतात.

इथे दोन बारकावे सांगतो. एक, महिन्याच्या जागी ७, ८ किंवा ९ चा आकडा आणि त्याला लागून बारीक रोमन अक्षरात "bre" असं दिसलं तर तो सातवा, आठवा, नववा महिना नाही, तो सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आहे, आणि रोमन दहाचा एक्स असेल तर डिसेंबर. जुन्या लॅटिन मोजणीमुळे असं, आणि यात भलेभले विक्रेते फसतात. दुसरं, वर्ष पुसलं गेलं असेल तरी फॅक्टरीच्या नावाआधीचं विशेषण वाचा. "रॉयल" असेल तर १८४८ च्या आधीचं, "इम्पीरियल" असेल आणि पातं १८२२ मॉडेलचं असेल तर १८५२ ते १८७०, "नॅशनल" असेल तर १८४८ ते १८५२ मधलं किंवा १८७० नंतरचं. म्हणजे फ्रान्सचं राजकारण तुमच्या पात्यावर लिहिलेलं आहे.

पण लक्षात घ्या, ही तारीख पात्याच्या जन्माची, इथिओपियात पोचण्याची नाही. फ्रेंच सैन्याने टाकून दिलेलं सामान व्यापारी घाऊक विकत घेऊन तांबड्या समुद्राकडे पाठवायचे, त्यात वीस-तीस वर्षं सहज जातात.

ब्रिटिश पातं असेल तर बाणाच्या टोकाचा छोटा शिक्का शोधा, तो सरकारी मालाचा. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर माल सैन्यातून अधिकृतपणे विकून टाकलेला. आणि बाणाखाली इंग्रजी आय असेल तर तो भारतीय सैन्याच्या साठ्यातला, तिथे आपल्या कहाणीला वेगळंच वळण लागतं, ते पुढे येईल.

इटालियन सेबरही सापडतात. १ मार्च १८९६ ला अडवाच्या लढाईत इटलीचा दणदणीत पराभव झाला आणि प्रचंड शस्त्रं इथिओपियन सैन्याच्या हाती पडली. मात्र इटालियन शिक्का दिसला की लगेच "अडवाची लूट" म्हणून नाचायचं नाही. इटली १८८५ पासून मसावा बंदरात बसलेली होती, माल इतर मार्गांनीही जायचा. अडवा म्हणायला कागद पाहिजे.

चौथी पायरी: कारखान्याचा शिक्का

खास इथिओपियन ग्राहकांसाठी बनवलेली पाती प्रामुख्याने जर्मनीतल्या झोलिंगेनची, आणि काही इंग्लंडच्या विल्किन्सनची. झोलिंगेनचे शिक्के म्हणजे चित्रं असतात, मुठीजवळच्या सपाट भागात, कधी कधी नखाएवढे. राजाचं डोकं आणि शेजारी शिरस्त्राण घातलेला योद्धा अशी जोडी असेल तर वायर्सबर्ग-किर्शबाउम, आणि या दोन कंपन्या १८८३ मध्ये एक झाल्या, म्हणजे जोडीचा शिक्का त्यानंतरचाच. तराजू म्हणजे अलेक्झांडर कॉपेल. खार म्हणजे कार्ल आयकहॉर्न, कंपनीची स्थापना १८६५. नुसतं "झोलिंगेन" लिहिलेलं असेल तर फार काही हाती लागत नाही, ते गावाचं नाव. "मेड इन जर्मनी" छाप असेल तर साधारण १८८७ नंतरचा काळ धरा, कारण त्या वर्षी ब्रिटनने मालावर देशाचं नाव टाकायचा कायदा केला.

विल्किन्सनच्या पात्यावर मुठीजवळ सहा टोकांच्या चांदणीत बसवलेली पितळी टिकली दिसते. हिला लोक हमखास "सॉलोमनचा तारा, म्हणजे इथिओपियन राजचिन्ह" म्हणतात, पण ती कंपनीची पात्याची चाचणी झाल्याची खूण आहे, आपल्या घरच्या ब्रिटिश ऑफिसरच्या तलवारीवरही तीच असते. पाठीवर नंबर असेल तर सोन्याहून पिवळं, कारण १८५४ पासून कंपनीने ऑफिसरांच्या तलवारींना नंबर दिले आणि त्यांच्या वह्या टिकून आहेत, नंबरवरून वर्ष आणि कधी गिऱ्हाइकाचं नावही निघतं. व्यापाऱ्यांना घाऊक दिलेल्या पात्यांना मात्र बहुधा नंबर नसतो. मग कंपनीच्या नावाची पद्धत बघा, "विल्किन्सन अँड सन" आधीचं, "विल्किन्सन सोर्ड कंपनी" १९व्या शतकाच्या अगदी शेवटचं आणि पुढचं.

सावध राहायची जागा एकच. चंद्रकोरीतला चेहरा, धावता लांडगा, "अँड्रिया फेरारा" हे नाव, या खुणा शतकानुशतकं जगभर नकलून मारल्या गेल्या, सुदानच्या लोहारांनीही मारल्या. सरळ पात्यावर अशी चंद्रकोर दिसली तर त्यावरून कारखाना ठरवू नका.

पाचवी पायरी: सिंह आणि लेख

मुकुट घातलेला, पुढच्या पायात क्रॉसची काठी धरलेला सिंह म्हणजे यहुदाच्या वंशाचा सिंह, सम्राटाचं चिन्ह. शेजारी गीझ या इथिओपियाच्या जुन्या लिपीत लेख असतो, "मोआ अनबसा..." असा सुरू होणारा, अर्थ "यहुदाच्या कुळातील विजयी सिंह", आणि पुढे सम्राटाचं नाव, देवाने निवडलेला, राजांचा राजा वगैरे. नाव मेनेलिक द्वितीय असेल तर १८८९ ते १९१३, सम्राज्ञी झौदितू असेल तर १९१६ ते १९३०, हैले सेलासी असेल तर नोव्हेंबर १९३० च्या राज्याभिषेकानंतर. लिपी येत नसेल तरी चालतं. मेनेलिकचं नाव चारच अक्षरांचं, इंटरनेटवर त्याच्या नाण्याचा फोटो मोठा करून शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा.

वर्ष असेल तर आकडे गीझचे, प्रत्येकाच्या डोक्यावर आणि पायाखाली आडवी रेघ. या पद्धतीत शून्य नाही. १८८८ लिहायचं तर दहा, आठ, शंभर, ऐंशी, आठ अशी पाच चिन्हं येतात. आणि कॅलेंडर आपल्यापेक्षा मागे, नवं वर्ष सप्टेंबरात, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ७ मिळवा, जानेवारीपासून पुढे ८. अडवाची लढाई त्यांच्या हिशोबाने १८८८ ची, आपल्या १८९६ ची.

लेखातली अक्षरं वेडीवाकडी, उलटी किंवा चुकीची असतील तर लगेच नकली म्हणू नका. परदेशी नक्षीकाराला लिपी येत नसताना त्याने कागदावरून चित्र काढल्यासारखी उतरवली असेल, तर अशा चुका होणारच. खरी परीक्षा भिंगाखाली होते. १० पटीचं भिंग घ्या आणि गंजाचा एखादा खड्डा शोधा जिथे कोरीव रेघ जाते. रेघ खड्ड्याने तोडलेली असेल, म्हणजे खड्ड्यात तिचा मागमूस नाही, तर कोरीव काम आधीचं आणि गंज नंतरचा. रेघ खड्ड्याच्या भिंतीवरून खाली उतरून पलीकडे चढत असेल तर गंजलेल्या पात्यावर नंतर कोणीतरी सिंह काढलाय. साध्या फ्रेंच पात्यावर सिंह आला की किंमत कितीतरी वाढते, तेव्हा हे तपासाच.

सहावी पायरी: व्यापारी

मला स्वतःला यात सगळ्यात मजा वाटते, आणि याच पायरीवर बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात. पात्यावर सिंहाच्या उलट बाजूला किंवा मुठीजवळ कधी कधी रोमन अक्षरात एखादं नाव आणि गाव असतं. लोक त्याला "मेकर" समजतात. तो मेकर नाही, ऑर्डर देणारा आयातदार आहे.

नाव कळलं नाही तरी गावावरून तारीख बांधता येते. अदिस अबाबा हे शहरच १८८६ चं, म्हणजे ते नाव असलेलं पातं त्याआधीचं असूच शकत नाही. जिबुती फ्रेंचांनी १८८८ च्या सुमारास वसवलं, त्याआधी त्यांचं बंदर ओबॉक. दिरे दावा हे रेल्वेने जन्माला घातलेलं गाव, जिबुतीहून रूळ तिथे १९०२ च्या शेवटी पोचले. रेल्वे अदिसला पोचायला १९१७ उजाडलं, तोवर पुढचा प्रवास खेचर आणि उंटावर. हरार जुनं शहर, त्यावरून तारीख निघत नाही. स्पेलिंगही बघा, फ्रेंच वळणाचं आहे का इंग्रजी.

आता माणसं. १८८० च्या दशकात मेनेलिकला (तेव्हा तो सम्राट नव्हता, फक्त शोआ प्रांताचा राजा) शस्त्रं विकणारे फ्रेंच व्यापारी किनाऱ्यावर जमले होते, आर्मांद सावूरे, लेओं शेफ्नो, पिएर लाबातू, आणि हो, कविता सोडून दिलेला आर्थर रॅंबोसुद्धा, ज्याचा जुन्या बंदुकांचा तांडा १८८७ मध्ये मेनेलिककडे पोचला आणि त्यात त्याचे हाल झाले. हे मुख्यतः बंदुकांचे व्यापारी. पण तांडा एकदा निघाला की त्यात काय काय असायचं याचा अंदाज यांच्या पत्रव्यवहारातून येतो, म्हणून नावं माहीत हवीत. नंतर आर्मेनियन, ग्रीक आणि भारतीय दुकानदार आले. भारतीयांमध्ये मोठं नाव मोहम्मदअली या बोहरा फर्मचं, हरार आणि अदिसला जबरदस्त आयात-निर्यात, १९३७ मध्ये इटालियन राजवटीने त्यांना बाहेर काढलं तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. रोमन लिपीत एखादं भारतीय मुस्लिम नाव दिसलं तर म्हणूनच दचकू नका, ते अगदी जागच्या जागी आहे.

शोधायचं कुठे? फ्रेंच नाव असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका हे फुकट डिजिटल भांडार, तिथे जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या आणि वसाहतींची वर्तमानपत्रं शब्द टाकून शोधता येतात, नावाची दोन-तीन स्पेलिंग करून बघा. ब्रिटिश पार्लमेंटच्या चर्चा म्हणजे हॅन्सार्ड, तेही ऑनलाइन शोधता येतं.

आणि आपल्या हाताशी असलेलं एक भांडार बाकीच्या जगाला सुचत नाही. एडन! तांबड्या समुद्राच्या तोंडावरचं हे बंदर १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर जाणारा बराच माल एडनवरून जायचा, पारशी, बोहरी, बनिया पेढ्या तिथे होत्या, कावसजी दिनशॉ ही पारशी पेढी तर फार मोठी. एडनच्या रेसिडेंटने शस्त्रव्यापाराबद्दल लिहिलेली पत्रं मुंबई सरकारकडे यायची. म्हणजे काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात जाऊन राजकीय विभागाचे एडनचे खंड मागवता येतात. जाताना ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि भरपूर धीर घेऊन जा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एडनची दप्तरं इंडिया ऑफिसच्या आर/२० या मालिकेत आहेत.

सातवी पायरी: मूठ, म्यान आणि नाणं

स्थानिक कारागिराचं नाव शोधायला गेलात तर बहुतेकदा हात हलवत परत याल, आणि त्याचं कारण सामाजिक आहे. इथिओपियाच्या डोंगराळ भागात लोहारकाम करणाऱ्यांकडे संशयाने बघायचे, त्यांना "बुदा" म्हणजे नजर लावणारे समजायचे. गोंदार भागात हे काम मोठ्या प्रमाणात बेटा इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, करायचे. ज्याच्या हातचं घ्यायचं पण ज्याच्या सावलीला घाबरायचं, त्याची सही कोण ठेवणार? तेव्हा इथे प्रदेशापर्यंत पोचलात तरी खूप झालं.

त्यासाठी म्यानाचं चामडं, त्यावर दाबून काढलेली नक्षी, धातूच्या टोपणांचं काम यांची तुलना तारीख आणि जागा माहीत असलेल्या संग्रहालयातल्या वस्तूंशी करायची. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात १९३१ ते १९३३ च्या डाकार-जिबुती मोहिमेत गोळा केलेल्या वस्तू आहेत आणि कॅटलॉग ऑनलाइन आहे. इथिओपियात तलवार उजव्या कमरेला लावायचे, आपल्यासारखी डावीकडे नाही, त्यामुळे म्यान कुठल्या बाजूने घासलंय तेही बघा. युरोपियन घोडदळाच्या म्यानाच्या कड्या तशाच असतील तर म्यान परदेशी.

मुठीच्या टोकावर चांदीचं नाणं बसवलेलं असतं, त्यावर १७८० दिसलं की लोक तलवार १८व्या शतकात नेतात. तो मारिया थेरेसा थेलर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राणीचं नाणं. राणी १७८० मध्ये वारली आणि त्यानंतरही तेच साल टाकून ही नाणी दीड-दोनशे वर्षं पाडली गेली, कारण तांबड्या समुद्रावरच्या लोकांना तेच नाणं हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडली! राणीच्या ब्रोचमधले मोती आणि मागच्या गरुडाच्या शेपटीची पिसं यावरून नाण्यांचे जाणकार टाकसाळ सांगू शकतात, जवळ कुणी असेल तर फोटो दाखवा. मेनेलिकचं स्वतःचं नाणं असेल तर ते उपयोगाचं, पॅरिसला पाडलेलं आणि इथिओपियन सालाचं १८८७ पासूनचं. मूठ त्याआधीची नाही एवढं नक्की, अर्थात नाणं नंतर बसवलेलं नसेल तर.

आठवी पायरी: ती इथे कशी आली

तलवार महाराष्ट्रातल्या घरात असेल तर दोन वाटा आधी तपासा. १८६७-६८ ची अबिसिनियाची मोहीम मुंबईहूनच निघाली होती, सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई सैन्याचा प्रमुख, सोबत ४४ हत्ती. एप्रिल १८६८ मध्ये मगडाला पडलं, सम्राट तेवोद्रोसने स्वतःला गोळी घातली, किल्ला लुटला गेला आणि लुटीचा जवळच्याच पठारावर लिलाव झाला. दुसरी वाट १९४१ ची, इरिट्रियात इटालियन सैन्याशी झालेल्या केरनच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, आणि सैनिक आठवण म्हणून काय काय घरी आणतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणून सातारा, कोल्हापूरकडच्या घरात अशी वस्तू असेल तर आधी आजोबांची पदकं, डिस्चार्ज बुक आणि जुने फोटो काढा. पातं मेनेलिकच्या नावाचं असेल तर मगडालाची गोष्ट आपोआप बाद, कितीही आवडली तरी.

पत्र आणि कायदा

संग्रहालयाला किंवा अभिलेखागाराला लिहिताना "माझ्या तलवारीची माहिती द्या" असं लिहिलं तर उत्तर येत नाही किंवा गुळमुळीत येतं. एकच प्रश्न विचारा, उदाहरणार्थ झोलिंगेनच्या क्लिंगेनम्युझियमला "हा शिक्का कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या काळात वापरात होता", सोबत शिक्क्याचा पट्टीसकट फोटो आणि मापं. किंमत विचारू नका, संग्रहालयं सहसा किंमत सांगत नाहीत.

मूठ शिंगाची असेल तर गेंड्याची आहे का ते आधी पाहून घ्या, काळसर-पिवळट, उजेडासमोर कडा पारदर्शक आणि आत केसांसारखे धागे दिसले तर शंका घ्या. गेंड्याच्या शिंगाचा व्यवहार आंतरराष्ट्रीय करारात आणि आपल्या वन्यजीव कायद्यातही अडकतो, असली वस्तू कुरियरने इकडेतिकडे पाठवायची नाही. ९ इंचापेक्षा लांब पात्याची तलवार शस्त्र कायद्याच्या नियमांत येते, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, त्यामुळे विकत घेण्याआधी, विशेषतः परदेशातून मागवण्याआधी, पोलिसांची परवाना शाखा आणि पुरातत्त्व खात्याचं नोंदणी कार्यालय दोन्हीकडे लेखी विचारा आणि उत्तराची प्रत तलवारीच्या फाइलमध्येच लावून ठेवा.